कीर्द-खतावणीपासून प्रबंधापर्यंत

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात हिशेबावरचा लेख कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण मंडळात येणारे बरेच जण बी.कॉम., एम.कॉम.चे आहेत, काही सीए किंवा सीएमएच्या परीक्षा देताहेत. आणि दहा-दहा वर्षं ऑडिट, टॅक्स, अकाउंट्समध्ये काढलेले माजी विद्यार्थी भेटले की हळूच विचारतात, "पीएच.डी. करावी म्हणतोय, जमेल का?"

या "जमेल का"मध्ये खरं तर तीन प्रश्न आहेत. संशोधनाचं काम हिशेबाच्या कामापेक्षा वेगळं कसं? आत शिरायचं कुठून? आणि त्याची किंमत किती? या पाठात हे तिन्ही प्रश्न क्रमाने घेऊ. पहिल्यावर जरा जास्त वेळ थांबू, कारण लोक तिथेच अडतात.

१. तपासणीसाचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न

समजा, एका कंपनीने वर्षाअखेर अगदी थोडासा नफा दाखवला आहे. तपासणीस काय बघतो? घसारा बरोबर लावला का, बुडीत कर्जाची तरतूद पुरेशी आहे का, अखेरच्या मालाचं मूल्यांकन नियमाप्रमाणे आहे का. सगळं मानकांत बसत असेल तर तो सही करतो. त्याचं काम तिथे संपतं आणि ते प्रामाणिक काम असतं.

1997 मध्ये डेव्हिड बर्गस्टालर आणि इलिया डिचेव्ह या दोन अभ्यासकांनी वेगळंच केलं. त्यांनी हजारो अमेरिकन कंपन्यांचे नफा-तोटे घेतले, कंपनीच्या आकाराच्या प्रमाणात मांडले आणि त्यांचा आलेख काढला. अशा आलेखाला टेकडीसारखा गुळगुळीत आकार यावा, अशी आपली अपेक्षा असते. आला तो वेगळाच. शून्याच्या किंचित डावीकडे, म्हणजे थोडासा तोटा असलेल्या कंपन्यांच्या जागी, खड्डा होता. शून्याच्या किंचित उजवीकडे, थोडासा नफा असलेल्यांच्या जागी, ढीग होता. म्हणजे थोडक्यात तोट्यात जाणाऱ्या काही कंपन्या कशातरी सरकून नफ्याच्या बाजूला येत असाव्यात.

यातली प्रत्येक वही स्वतंत्रपणे पाहिली तर कदाचित निर्दोष ठरेल. तो खड्डा कुठल्याही एका वहीत दिसत नाही, सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच दिसतो. तपासणीस विचारतो, "हा आकडा बरोबर आहे का?" संशोधक विचारतो, "असेच आकडे पुन्हा पुन्हा का येतात?"

गोष्ट इथे संपत नाही. 2005 मध्ये सिंडी डर्टशी आणि पीटर ईस्टन यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की हा खड्डा हिशेबातल्या चलाखीचा पुरावा असेलच असं नाही. आकडे कशाने भागले आणि नमुन्यात कुठल्या कंपन्या धरल्या, यामुळेही तो दिसू शकतो. वाद पुढे चालूच राहिला. ऑडिटला सहीची तारीख असते. संशोधनात आपण सही केलेल्या निष्कर्षावर दुसरा कुणीतरी आठ वर्षांनी लाल पेन्सिल चालवतो, आणि तो आपला अपमान न मानता त्या कामाचा भाग मानावा लागतो. हिशेबाच्या नोकरीतून येणाऱ्याला सगळ्यात जड जाते ती ही सवय.

२. ताळेबंदाचा उपयोग कुणाला?

आज ज्याला लेखाशास्त्रातलं प्रायोगिक संशोधन म्हणतात, त्याची सुरुवात साधारणपणे 1968 च्या एका निबंधापासून धरतात. शिकागोत शिकलेले रे बॉल आणि फिलिप ब्राउन हे दोन ऑस्ट्रेलियन त्याचे लेखक. त्या काळी लेखाशास्त्रातले विद्वान नफा कसा मोजावा यावरच वाद घालत होते. मूळ किमतीने की बाजारभावाने? इतक्या वेगवेगळ्या पद्धती मिसळून काढलेल्या आकड्याला अर्थच नाही, असंही काही जण म्हणत.

बॉल आणि ब्राउन यांनी वाद बाजूला ठेवून साधा प्रश्न विचारला. हा आकडा निरर्थक असेल, तर शेअरबाजाराला त्याचं काहीच वाटू नये. तसं होतं का? त्यांनी न्यूयॉर्क शेअरबाजारातल्या 261 कंपन्या घेतल्या. अपेक्षेपेक्षा जास्त नफा झालेल्या एका बाजूला, कमी झालेल्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही गटांच्या शेअरच्या किमती वर्षभर कशा हलल्या ते पाहिलं. चांगली बातमी असलेल्यांच्या किमती चढल्या होत्या, वाईट बातमीवाल्यांच्या उतरल्या होत्या. म्हणजे नफ्याच्या आकड्यात अर्थ होता. पण वार्षिक निकाल जाहीर होईपर्यंत त्यातली 85 ते 90 टक्के बातमी किमतींत आधीच उतरलेली होती! आपण रात्री जागून ज्या ताळेबंदाला शेवटचा हात फिरवतो, तो बाजाराच्या दृष्टीने बराचसा शिळा असतो.

हा निबंध क्षेत्रातल्या एका मोठ्या नियतकालिकाने आधी नाकारला होता. पुढे तो दुसरीकडे छापून आला आणि आज तो पाठ्यक्रमात आहे.

३. कायद्याचं कलम म्हणजे प्रयोगशाळा

आता आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. कंपनी कायदा, 2013 चं कलम 135 वाणिज्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. अकाउंटंटच्या लेखी हे एक काम आहे. रक्कम काढा, खर्च दाखवा, अहवालात लिहा.

संशोधकाला त्याच कलमात प्रयोगशाळा दिसते. सामाजिक खर्च करणाऱ्या कंपन्या भरभराटीला येतात, असं लोक म्हणतात. पण खर्चामुळे भरभराट झाली की भरभराट होती म्हणून खर्च परवडला, हे कसं ठरवणार? कंपनी स्वतःहून खर्च करते तोवर हा गुंता सुटत नाही. कायद्याने मात्र मधोमध एक रेघ ओढली. 4 कोटी 90 लाख नफा असलेली कंपनी सुटली, 5 कोटी 10 लाखवाली अडकली. दोघींत बाकी फारसा फरक नाही. त्यामुळे रेघेच्या दोन्ही बाजूंची तुलना केली तर सक्तीचा परिणाम वेगळा काढता येतो. हरिओम मंचिराजू आणि शिवराम राजगोपाल यांनी हेच केलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, सक्ती लागू झालेल्या कंपन्यांच्या शेअरच्या किमती सरासरी 4.1 टक्क्यांनी घसरल्याचं दिसलं. याचा अर्थ सामाजिक खर्च वाईट, असा नाही. भागधारकांना त्या सक्तीबद्दल काय वाटलं, एवढंच तो अभ्यास सांगतो.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. कलम, मर्यादा, 'निव्वळ नफा' म्हणजे नेमकं काय, हे ज्याने हाताने केलं आहे त्याला असा प्रश्न सुचायला सोपं जातं. नुसती संख्याशास्त्राची पदवी असलेल्याला हे कलम मुळात माहीतच नसतं.

४. सोबत काय न्यायचं, मागे काय ठेवायचं

सोबत न्यायच्या गोष्टी: शंका घेण्याची सवय, आकड्यामागचं व्हाउचर शोधण्याची चिकाटी, तळटिपा वाचण्याची सवय, केलेलं प्रत्येक काम नोंदवून ठेवण्याची शिस्त. आपल्या जुन्या मराठीत 'रुजवात' असा छान शब्द आहे. दोन हिशेब समोरासमोर ठेवून पडताळणं म्हणजे रुजवात. संशोधनात निम्मं काम हेच.

मागे ठेवायच्या गोष्टी: उत्तर कुठल्यातरी परिपत्रकात आहे, हा विश्वास. चेकलिस्ट पुरी झाली की काम संपलं, ही भावना. आणि बाहेरून लादलेली तारीख. 31 मार्च, 31 जुलै अशा तारखांवर चालणाऱ्या माणसाला पीएच.डी.चं दुसरं वर्ष फार मोकळं आणि म्हणून फार अवघड जातं. कुणी फोन करत नाही, कुणी रागावत नाही, आणि सहा महिने कसे गेले कळत नाही.

नव्याने शिकायच्या गोष्टी: संख्याशास्त्र, अर्थमिती, थोडा सूक्ष्म अर्थशास्त्राचा सिद्धान्त, आणि स्टेटा, आर, पायथन यांपैकी एक तरी साधन. भारतीय कंपन्यांच्या आकड्यांसाठी 'प्रोवेस' हा विदासंच बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्याची ओळख हवी. बारावीनंतर गणित सुटलं असेल तर अर्ज करण्याआधी एक वर्ष त्यासाठी राखून ठेवा.

आणि एक गोष्ट मुळीच सोबत न्यायची नाही: अशिलाच्या वह्या. "माझ्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे" असं काही जण मोठ्या उत्साहाने सांगतात. तो डेटा तुमचा नाही, अशिलाचा आहे. सनदी लेखापाल कायदा, 1949 च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. अनुभवातून प्रश्न घ्या, आकडे मात्र रीतसर मिळवा.

५. दारं कुठली?

आधी एक गैरसमज काढून टाकू. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागतेच असं नाही. जुलै 2023 पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र ती लागते. तेव्हा फक्त शिकवायची हौस असेल तर आधी नेट-सेट द्या. वर सांगितले तसे प्रश्न झोपू देत नसतील तरच पीएच.डी.कडे वळा.

सीए, सीएस किंवा सीएमए झालेल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट: मार्च 2021 मध्ये यूजीसीने या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. एम.कॉम. नाही म्हणून दार बंद, अशी आता स्थिती नाही. तरी ज्या विद्यापीठात जायचं तिथला नियम लेखी बघून घ्या.

नेटमध्ये पहिला पेपर 100 गुणांचा, दुसरा 200 गुणांचा. वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. ज्यांना जेआरएफ मिळत नाही त्यांच्यासाठी लेखी परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. सेट राज्यागणिक वेगळी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं, गुजरातची बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ घेतं, तेलंगणाची उस्मानिया. आपण सीमेवरची, परमुलखातली माणसं. नोकरी कुठल्या राज्यात करायची हे आधी ठरवा आणि मगच सेट निवडा.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. महिलांना आणि दिव्यांगांना आणखी 2 वर्षांची सवलत. कोर्सवर्क 12 ते 16 श्रेयांकांचं. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. प्राध्यापकाकडे 8, सहयोगीकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे गाइडकडे जागा आहे का हे आधी विचारा. आयआयएममध्येही पीएच.डी. आहे. तिथे प्रवेश कठीण, पण विद्यावेतन मिळतं आणि प्रशिक्षण कसून होतं.

गाइड निवडताना त्यांच्या नावाआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघा. 'शोधगंगा'वर हजारो भारतीय प्रबंध फुकट वाचता येतात. तीन प्रबंध वाचलेत की चांगला कुठला आणि पानं भरलेला कुठला, हे तपासणीसाच्या नजरेला लगेच कळतं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. 2025 मध्ये यूजीसीने आपली केअर यादी बंद केली, तेव्हा पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आहे.

६. बुरूज बांधण्याआधी

जकातीच्या नाक्यावरून उठून प्रभूच्या मागे गेलेला मत्तय हा कॅथोलिक परंपरेत हिशेबनिसांचा आश्रयदाता संत. 21 सप्टेंबरला त्याचा सण. पण नोकरी सोडताना त्याच्यासारखं झटक्यात उठू नये. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा त्याचा अर्थ. हिशेबनिसाला तरी हे जमायलाच हवं.

समजा, 28 वर्षांच्या अकाउंटंटला महिना 60,000 रुपये पगार आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं 37,000, पुढे 42,000 रुपये. घरभाडं भत्ता आणि पगारवाढ बाजूला ठेवू.

पहिली 2 वर्षं: फरक 23,000 × 24 = 5,52,000.
पुढची 3 वर्षं: फरक 18,000 × 36 = 6,48,000.
एकूण: 12,00,000 रुपये.

बारा लाख ही या निर्णयाची कमीत कमी किंमत. चुकलेल्या पगारवाढी धरल्या तर ती वाढतेच. शिवाय जेआरएफला 30 वर्षांची वयोमर्यादा आहे. महिला आणि मागासवर्गीयांना 5 वर्षांची सूट. पस्तिशीत आलेल्या माणसाला हे दार बहुधा बंद झालेलं असतं. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवायची फेलोशिप 8,000 रुपयांची आहे, तिच्यात घर चालत नाही. अशांना अर्धवेळचाच रस्ता उरतो.

आता जमेची बाजू. सहायक प्राध्यापकाच्या कायम जागेवर मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. पण कायम जागा थोड्या आणि उमेदवार फार. अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, अतिथी म्हणून शिकवतात. मध्य प्रदेशात त्यांना 'अतिथी विद्वान' असं भारदस्त नाव आहे, पण नाव भारदस्त म्हणून नोकरी कायम होत नाही. हे माहीत असूनही जायचं असेल तर जा. घरातल्यांना हा हिशेब कागदावर दाखवा. हप्ते, आईवडिलांचं औषधपाणी, मुलांची फी, सगळं त्यात मांडा. घरातल्यांपासून लपवून घेतलेला प्रवेश तिसऱ्या वर्षी भारी पडतो.

७. विषय आपल्या दाराशी

प्रबंधाचा विषय अमेरिकेतूनच यावा असं नाही. आपल्या गावांत विषयांची खाण आहे. बडोद्यात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली. भारतातली ही बहुधा पहिली परस्पर-साहाय्य पतसंस्था. कायदा नव्हता, तेव्हा सभासदांनी एकमेकांच्या हिशेबावर विश्वास कसा ठेवला? बेळगावकडच्या पतसंस्थांना आजही हाच प्रश्न आहे. हैदराबादला 7 जानेवारी 2009 रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी 5,040 कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं पत्र दिलं. त्यानंतर नव्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षक ठरावीक वर्षांनी बदलण्याची सक्ती आली. तिने खरंच काही बदललं का? गोव्यात गावकऱ्यांची वहिवाट 1526 साली पोर्तुगीजांनी लेखी नोंदवून घेतली. गावाचं उत्पन्न वाटून घेण्याचे ते हिशेब कुणी अभ्यासायचे?

आणि कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, नावे, शिल्लक हे शब्द काही इंग्रजांनी दिलेले नाहीत. फडणीस आणि मुजुमदार ही तर हिशेबाची पदंच होती, पुढे ती आडनावं झाली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचा डोंगर आहे. गोविंद सखाराम सरदेसाई बडोदा संस्थानच्या नोकरीतून 1925 साली निवृत्त झाले, आणि 1930 नंतर त्यांनी या दप्तरातून निवडलेले 45 खंड संपादित केले. तेव्हा ते पासष्टीचे होते. मोडी वाचणारे पुष्कळ जण जमाखर्च वाचू शकत नाहीत, आणि जमाखर्च वाचणाऱ्यांना मोडी येत नाही. दोन्ही येणारा माणूस ही आज खरी गरज आहे. मराठी मंडळात येणारा वाणिज्यचा विद्यार्थी तो होऊ शकतो.

शेवटी भाषेबद्दल. वाणिज्यचा प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. पण प्रश्न आपल्या भाषेत सांगता येत नसेल, तर तो अजून आपल्यालाच कळलेला नाही असं समजा. इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या आड धूसर विचार सहज लपतो. मराठीत, तेही घरच्या माणसाला सांगताना, तो लपवता येत नाही.

स्वाध्याय

1. तुमच्या कामात किंवा आर्टिकलशिपमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेली एक विचित्र गोष्ट लिहा. अशिलाचं नाव किंवा आकडे नकोत.
2. त्या गोष्टीबद्दल "बरोबर आहे का?" आणि "असं का होतं?" असे दोन प्रश्न तयार करा. दुसऱ्याचं उत्तर किती वह्या पाहिल्यावर मिळेल?
3. दुसरा प्रश्न तीन ओळींत, एकही इंग्रजी शब्द न वापरता, घरी कुणालातरी सांगा. त्यांनी विचारलेली पहिली शंका जशीच्या तशी लिहून ठेवा.
4. वरच्या बारा लाखांच्या हिशेबासारखा स्वतःचा पाच वर्षांचा जमाखर्च मांडा.

चौथं उत्तर कुणाला दाखवायची गरज नाही. पहिली तीन मात्र मंडळाच्या बैठकीत घेऊन या, चर्चा करू.